सगुणाच्या बोटीला पाणी येईना

नळाला पाणी का येत नाही याची कारणं नोकरीत असताना मी लोकांना लेखी देत असे. वीजपुरवठा खंडित, मुख्य वाहिनीस गळती, वरिष्ठांकडून आदेश अप्राप्त, काम प्रगतिपथावर. पेडण्याच्या पाणीपुरवठा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होईपर्यंत माझ्या सहीची अशी पत्रं तालुक्यात इतकी गेली की काही घरांत ती फडताळात अस्तर म्हणून अंथरलेली मी स्वतः पाहिली आहेत. पण पंप म्हणून जी वस्तू असते ती मी कधी जवळून पाहिली नव्हती. पंप हे फिटरचं काम, आणि फिटर मागच्या खोलीत बसत. हा भेद माझ्या सासुरवाडीला आजतागायत समजलेला नाही. जावई पाण्याच्या खात्यात होता, म्हणजे त्याला पाण्यातलं कळतं, असा त्यांचा सरळ हिशेब.

सासुरवाडी मांद्र्याची. माझा मेव्हणा सगुण तिथे पाहुण्यांसाठी चार खोल्या चालवतो. त्याच्याकडे उतरलेल्या एका हॉलंडच्या म्हाताऱ्याला अचानक समुद्राचा कंटाळा आला, आणि आपली शिडाची बोट सगुणाच्या हवाली करून तो हिमालयात निघून गेला. सांभाळ आणि हवी तर वापर, एवढंच सांगून गेला. ‘अन्नेका’ हे बोटीचं नाव. चोपड्याच्या धक्क्याला ती बांधलेली असे. आत निजायला फळ्या, चूल, बेसिन, आणि बेसिनवर चकचकीत नळ. आमच्या पेडण्याच्या घरात नाही असा नळ.

आता सासूबाईंची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण हे सगळं त्यांच्यासाठी चाललं होतं. पद्मावतीबाईंना गाडी लागते. साधीसुधी नव्हे. म्हापशाची बस लांबून दिसली तरी त्या पदर तोंडाला लावतात. लिंबू झालं, आलं झालं, पुढची सीट झाली, डोळे मिटून नामस्मरण झालं, पण कोलवाळच्या पुलापलीकडे त्या कधी धडपणे पोचल्या नाहीत. आणि त्यांचा एकुलता एक भाऊ भिकाजीमामा राहतो डिचोली तालुक्यात, आमोण्याला, मांडवीच्या काठावर. त्याचे गुडघे गेलेले. म्हणजे बहिणीला जाता येत नाही आणि भावाला येता येत नाही. गेली कित्येक वर्षं भाऊबीज फोनवर चालली होती. सासूबाई पाटावर फोन ठेवून त्याला कुंकू लावत, अक्षता टाकत आणि ओवाळत. एका वर्षी निरांजनातलं तूप सांडून फोनच कायमचा बंद पडला, तेव्हा त्या भावाच्या काळजीने रात्रभर बसून राहिल्या होत्या.

मात्र होडी त्यांना लागत नाही. लग्न होऊन त्या होडीतूनच आल्या होत्या आणि वाटेत त्यांनी दोन लाडू खाल्ले होते, असं त्या अजून अभिमानाने सांगतात. म्हणून सगुणाने ठरवलं, यंदा भाऊबिजेला आईला बोटीने आमोण्याला न्यायचं. चोपड्याहून शापोरा नदीच्या मुखातून समुद्रात, तिथून आग्वादला वळसा घालून मांडवीत, आणि मांडवीतून वर. हे ऐकून माझी बायको वत्सला रडली. सासूबाई नुसत्या उठून आत गेल्या आणि ट्रंकेतलं जांभळं लुगडं काढून उन्हात टाकलं.

पहिल्या दिवशी बोट पाहायला आम्ही सगळे गेलो तेव्हा नळ चालत होता. टाकीत पाणी मांद्र्याच्या घरच्याच विहिरीचं भरलेलं, कारण सासूबाई दुसरं पीत नाहीत. त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि रबराचा वास येतो म्हणाल्या. नंतर आपल्या फळीवर बराच वेळ मांडी घालून बसल्या, आणि बोट पास झाली.

पुढच्या आठवड्यात रंगीत तालीम म्हणून नदीच्या मुखापर्यंत फेरी काढली, आणि त्या दिवशी नळ नुसता खोकला. पाण्याचा थेंब नाही. त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं, आम्ही विहिरीवरून तांब्याची घागर भरून घेतली. परंतु शिडाची बोट वारा भरला की एका अंगावर कलते, ही माहिती घागरीला नव्हती. शीड फुगलं, बोट कलली, आणि भरलेली घागर गडगडत जाऊन सासूबाईंच्या मांडीवर रिकामी झाली. त्या ओल्याचिंब होऊन शांतपणे म्हणाल्या, “भरली घागर लवांडली. ह्यो काय बरो शकून न्हय. नळाक पाणी येयत तेवा माका सांगा.”

भरलेली घागर लवंडल्यावर प्रस्थान ठेवायचं नाही, हे आमच्याकडे कुणालाही पटवावं लागत नाही. मलाही नाही. त्यामुळे वाद असा झालाच नाही. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, एवढंच.

मीही प्रसंगाला शोभेल अशा गांभीर्याने पाहणी हाती घेतली. पंप बेसिनखालच्या एका बिळात होता, सोललेल्या नारळाएवढा. नळ सोडला की तो आपोआप सुरू व्हायचा, टकटक टकटक करायचा आणि नळ खोकायचा. प्रथमदर्शनी दोष यंत्रात असल्याचं मी जाहीर केलं. अधिक पाहणीसाठी मी बिळात डोकं घातलं, मग खांदे घातले, आणि तिथे माझं काम प्रगतिपथावर थांबलं. पुढे जाता येईना, मागे येता येईना. सगुणाने एक पाय धरला, वत्सलेने दुसरा, आणि माझ्या शर्टाची बटणं सोडून बाकीचा मी बाहेर आलो. धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या मंडळींनी त्या दिवशी मासे पाहिलेच नाहीत.

तेव्हापासून चोपड्याच्या धक्क्यावर पंपविषयक चर्चासत्र सुरू झालं. पोफळीचं कुळागर असलेल्या एकाने सांगितलं, पंपाला आधी पाणी पाजावं लागतं. होडीवाल्याने सांगितलं, खारं वारं लागलेली वस्तू परत शुद्धीवर येत नाही. गोव्यात माणसाला दुसऱ्याच्या पंपाबद्दल जेवढी माया असते तेवढी स्वतःच्या पंपाबद्दल नसते. पण या सर्वांवर ताण केली ती आमच्या पेडण्याच्या शेजाऱ्याने, बाबलीने. बाबली डिचोलीच्या खाणींवर टिपर चालवत होता, आणि खाणीतलं तळं रिकामं करणारे पंप त्याने पाहिले होते. पाहिले होते हे तो सांगतो, चालवले होते हे आपण समजायचं. त्याने आमचा पंप तळहातावर घेतला, दयेने हसला आणि स्क्रू सोडायला लागला. शेवटचा स्क्रू सुटताच आतून एक स्प्रिंग उडाली आणि सर्वांच्या डोक्यांवरून शापोरा नदीत गेली. बाबली म्हणाला की दोष त्या स्प्रिंगेतच होता.

तेव्हा आता दुरुस्तीचा प्रश्न मिटून नवीन पंपाचा निर्माण झाला. मी म्हापशाला गेलो. दुकानदाराने विचारलं, विहीर किती खोल. मी म्हटलं, विहीर नाही, नदी आहे. मग नदीत किती पाणी, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नदीचं पाणी नको आहे, टाकीतलं हवं आहे. टाकी गच्चीवर आहे का? नाही, जमिनीखाली. जमीन कुठे आहे? जमीन नाही. यावर त्याने मला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि घरून कोणी बरोबर आलं आहे का म्हणून विचारलं. दुसऱ्या दुकानदाराने शेवटी समजून घेऊन सांगितलं की असा बॅटरीवरचा इवलासा पंप मुंबईहून मागवावा लागेल. सगुणाने फोनवरून मागवला, आणि कुठलाही व्यवहारी माणूस करणार नाही ती गोष्ट केली. पार्सलावर बोटीचं नाव घातलं.

पार्सल दिवाळीच्या तोंडावर पेडण्याच्या पोस्टात आलं. तिथल्या कारकुनाने पार्सल दाखवलं, हातात दिलं नाही. अन्नेकाबाईंना स्वतः यावं लागेल म्हणाला. मी म्हटलं, त्या येऊ शकत नाहीत. मग त्यांचं ओळखपत्र आणि तुमच्या नावे अधिकारपत्र आणा. मी म्हटलं, त्या सही करू शकत नाहीत. अंगठा चालेल म्हणाला. अन्नेका ही बोट आहे, असं मी सांगितल्यावर त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, आणि ती नजर मला ओळखीची वाटली. आयुष्यभर तीच नजर मी खिडकीतून लोकांकडे टाकली होती, पण आतल्या बाजूने. खिडकीबाहेर उभं राहिल्यावर ती इतकी लागते याची मला कल्पना नव्हती.

माणूस मात्र सज्जन निघाला. काम सुटल्यावर तो पार्सल बगलेत मारून आमच्याबरोबर चोपड्याला आला. बोटीच्या पाठीवर रंगवलेलं नाव त्याने एकेक अक्षर पार्सलाशी ताडून पाहिलं, बोटीला हात लावला, समाधान पावला आणि पार्सल बोटीच्या ताब्यात दिलं. मग चहा घेऊन धक्क्यावर बसला आणि पंप कसा बसवावा हे सांगू लागला.

नवीन पंप देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू करायला बाबलीची सक्त मनाई होती. खाणीवर गाऱ्हाणं न घालता सुरू केलेला एक पंप स्वतःच तळ्यात जाऊन बसला होता म्हणे. म्हणून नरकचतुर्दशीच्या सकाळी, दिवाळीचे फोव, म्हणजे पोहे, खाऊन, सगळे धक्क्यावर जमलो. विडा आणि नारळ मांडला. बाबलीने डोळे मिटून पेडण्यापासून मांद्र्यापर्यंतच्या सर्व देवतांना, सीमेवरच्या राखणदारांना आणि वाटेतल्या चुकार शक्तींना हाक घातली.

“बा देवा म्हाराजा, पाण्याच्या खात्यातसून रिटायर झालेलो ह्यो तुजो लेकरू कृष्णनाथ, तेणा आज ह्यो नवो पंप हाडलेलो आसा, तेका यश दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले.

“जुनो पंप मोडलो, तेचो राग धरू नको रे म्हाराजा. तेका कळता थोडा पन हौस मोठी, तर तेका सांभाळून घी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” या वेळी आवाज दुप्पट आला, आणि त्यात वत्सलेचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. कारकूनही ओरडला. त्याला आम्ही बोलावलंही नव्हतं.

सगुणाने नळ सोडला. नव्या पंपाने नव्या जोमाने टकटक केलं आणि नळ जुन्यासारखाच खोकला. आम्ही नळ्या काढल्या आणि लावल्या. पुन्हा काढल्या. एकदा उलट्याही लावल्या, तेव्हा टाकीच्या पोटात बुडबुड्यांचा आवाज तेवढा झाला. धक्क्यावरची मंडळी नारळाचं खोबरं खात एकेक करून पांगली. सासूबाई धक्क्यावरून उठल्या. बोटीत जाऊन थोडा वेळ आपल्या फळीवर बसल्या, बाहेर आल्या आणि वत्सलेला म्हणाल्या की मामाक फोन करून सांग, ह्या वर्सा पन फोनारच ओवाळतलंय. त्यांच्या खांद्यावर घडी केलेलं जांभळं लुगडं होतं. ते बोटीत ठेवायला म्हणून आणलं होतं, ते तसंच परत नेलं. मला त्या क्षणी माझ्या सगळ्या जुन्या पत्रांची लाज वाटली.

पाडव्याला संध्याकाळी मी सगुणाला आणि वत्सलेला घेऊन पुन्हा बोटीवर गेलो. ओवाळून घ्यायचं सोडून मी बेसिनखाली आडवा झालो होतो, यावरून माझी मनःस्थिती समजावी. पंप नवा, नळ धड, टाकी भरलेली. मग राहिली ती टाकीतून पंपाकडे येणारी नळी. रॉकेलच्या पिंपातून रॉकेल काढताना आपण नळी तोंडाने ओढतो, तशी ती मी पंपापासून सोडवली, तोंडात धरली आणि ओढली. काही आलं नाही. सर्व बळ एकवटून पुन्हा ओढली. एकदम काहीतरी सुटलं, नाकातोंडात पाणी गेलं आणि तोंडात केसांचा पुंजका आला. वत्सला किंचाळली. मी तो ओढू लागलो तर तो येतच राहिला, लांबच लांब, नि मला वाटलं अन्नेकाबाई खरोखरच टाकीत आहेत.

मग वास आला. थंड, गोड, मातीचा. उन्हाळ्यात माठातल्या पाण्याला येतो तो.

सगुणाने सासूबाईंच्या बसायच्या फळीखालचं टाकीचं झाकण उघडलं. आत वाळ्याच्या जुड्या तरंगत होत्या. काहींना पूजेचा लाल दोरा बांधलेला होता, काहींचा सुटून मुळ्या टाकीभर पसरल्या होत्या. पाण्याला रबराचा वास येतो, आणि असलं पाणी घेऊन भावाकडे कसं जायचं, म्हणून माउलीने पहिल्या दिवशी जुडी घातली. पंप बिघडला तेव्हा पाणी फार दिवस साठून राहिलं म्हणून आणखी घातली. आम्ही जितके हरलो तितका वाळा वाढला.

मी तो पुंजका हातात धरून उभा होतो. गेले दोन आठवडे सगळ्या धक्क्याने, सासुरवाडीने आणि खुद्द देवापुढे बाबलीने ज्याची अब्रू काढली होती, त्याच्या निर्दोषत्वाचा पुरावा त्याच्या मुठीत होता, आणि पुराव्याला सुगंध येत होता. एवढ्यात धक्क्यावरून सासूबाईंची चाहूल आली. सगुणाच्या स्कूटरवर त्या बसत नाहीत, मांद्र्याहून शेजाऱ्याच्या बैलगाडीतून आल्या होत्या, दिवेलागणीला बोटीत दिवा ठेवायला. सगुण माझ्याकडे बघत होता, वत्सला माझ्याकडे बघत होती. घागर लवंडली तेव्हा बाई थांबल्या होत्या. आपल्याच हातांनी वाट अडली हे कळलं असतं, तर आमोणं या जन्मात राहिलं असतं.

मी पुंजका खिशात कोंबला. सासूबाई आत वाकून म्हणाल्या, काय झालं. मी म्हटलं, “काही नाही, आई. मीच नळी उलटी लावली होती.”

“येदे दीस?” त्यांनी विचारलं.

“एवढे दिवस,” मी म्हटलं. सबंध नोकरीत मी इतकं मोठं असत्य सहीनिशीसुद्धा लिहिलं नव्हतं.

सगुणाने नळी बसवली, नळ सोडला, आणि पाणी असं उसळलं की बेसिनमधून उडून आम्हा चौघांना भिजवून गेलं. वत्सला हसत सुटली. सासूबाईंनी दोन्ही हात पाण्याखाली धरले आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्या फोन करायला वळल्यावर सगुणाने गुपचूप टाकीतल्या जुड्या उपसल्या.

दुसऱ्या दिवशी भरतीला आम्ही निघालो. जांभळं लुगडं नेसून सासूबाई मागच्या बाकावर ताठ बसल्या होत्या आणि लाडू खात होत्या. मला मात्र बोट लागली. शापोऱ्याचा किल्ला मागे पडायच्या आत लागली, ती आग्वादपर्यंत उतरली नाही. ज्या बाईला मी मोठ्या तोऱ्यात माहेरी पोचवायला निघालो होतो, तिने माझं डोकं मांडीवर घेतलं, नळाचं पाणी आणून तोंड धुतलं, अंगातला कालचाच ओला शर्ट खिशासकट पुसला आणि वत्सलेला सांगितलं की पुरुषांना हे असंच होतं. मांडवीत शिरल्यावर पाणी शांत झालं. पणजीचे पूल आले तेव्हा शिडाची काठी लागेल या भीतीने त्यांनी स्वतःचं डोकं खाली केलं, आणि आमच्याकडूनही करवून घेतलं.

आमोण्याला पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. अर्धा गाव काठावर उतरला होता. गावच्या माणसांनी भिकाजीमामाला प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून सर्वांत खालच्या कोरड्या पायरीवर आणून ठेवलं होतं. डोक्याला टोपी, कोटाची बटणं चुकीची लावलेली. सासूबाईंनी बोटीतून भावाकडे एकदा पाहिलं आणि आधी आत गेल्या. नळ सोडून हातपाय धुतले, तोंड धुतलं, डोळे जरा जास्तच वेळ धुतले. मग निरांजन लावून आल्या. बोट पायरीला अगदी खेटवली, मी मागून त्यांना धरलं, आणि त्यांनी भावाला कुंकू लावलं. खऱ्या कपाळावर. बोट हलली आणि कुंकू भुवईपर्यंत ओघळलं, पण कोणी पुसलं नाही. माझेही डोळे भरून आले, आणि या वेळी समुद्राचा संबंध नव्हता.

मामाने विचारलं, वाटेत त्रास झाला का. सासूबाई म्हणाल्या की मला नाही, जावयबापूंना झाला. मग मामाने खुर्चीखालून ओवाळणी काढून तबकात ठेवली. दरवर्षी कुणाच्या तरी हाती तो ती मांद्र्याला पाठवत असे, यंदा स्वतःच्या हाताने दिली. त्याच्या शेताच्या बांधावरच्या ताज्या वाळ्याची भली मोठी जुडी.

सगुणाचा चेहरा उतरला. माझा आधीच उतरलेला होता. सासूबाईंनी जुडी नाकाशी धरून डोळे मिटले, मग ती घेऊन आत आपल्या फळीकडे निघाल्या. मधेच थांबल्या. वळून माझ्याजवळ आल्या, आणि माझ्या हातात ती जुडी देऊन, माझ्या खिशाकडे बघत हळूच म्हणाल्या, “जावयबापू, ही तुमच्याच खिशात रवांदे. पयलो वाळो थंयच आसा.”